केगेल करा, म्हणजे नक्की काय करा?



गेल्या महिन्याभरात तीन सिनॉप्सिस ‘जरा नजर टाक ना’ म्हणून माझ्याकडे आले. तिघांचा साचा एकच. ‘अमुक वयोगटातल्या स्त्रियांमध्ये केगेल व्यायामाचा लघवी गळण्यावर होणारा परिणाम.’ तीस जणी, चार आठवडे, आधी एक प्रश्नावली, नंतर तीच प्रश्नावली, शेवटी पेअर्ड टी टेस्ट. हसू नका, माझा एमपीटीचा सिनॉप्सिससुद्धा याच घाटाचा होता. सही झाली, समितीची मंजुरी मिळाली, निकाल ‘सिग्निफिकंट’ आला, पेढे वाटले. आज तो प्रबंध उघडला की प्रश्न पडतो, मी मोजलं तरी काय?

त्याच काळातली एक गोष्ट मनातून जात नाही. ओपीडीत एक बाई आल्या होत्या. लघवीला सारखं जावं लागतं, जळजळ नाही, पण ओटीपोटात खाली दुखतं, बसलं की जास्त दुखतं. मी केगेलचं पत्रक हातात दिलं आणि ‘दिवसातून तीनदा करा’ सांगितलं. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या त्या दुखणं वाढल्याचं सांगायला. पुढे एका अनुभवी मॅडमनी तपासल्यावर कळलं की त्यांचे स्नायू ढिले नव्हतेच, उलट सतत आवळलेले होते. आवळलेल्या मुठीला मी ‘अजून आवळ’ म्हणून सांगत होते.

म्हणून आजच्या पोस्टमध्ये पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपीवरचे काही गाजलेले पेपर आपण जरा चिकित्सकपणे वाचू. ‘थेरपी चांगली की वाईट’ हा विषय नाही. ती कोणाला उपयोगी आहे, हे ठरवताना पुरावा कुठे भक्कम आहे आणि कुठे आपण त्याच्यावर नको तेवढा भार टाकतो, ते बघायचं आहे. पेटची, सिनॉप्सिसची किंवा पहिल्या प्रपोजलची तयारी करत असाल, तर विषय तुमचा नसला तरी वाचा. यातल्या चुका सगळ्या विषयांत होतात.

शब्द एक, उपचार पाच

आधी थोडी शरीररचना. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना ती खालून आधार देते. या झोळीला दोन कामं यावी लागतात. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना वेळेवर आवळणं हे एक, आणि लघवी-शौचाच्या वेळी पूर्ण सैल सुटणं हे दुसरं. पुरुषांनाही हे स्नायू असतात. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

‘केगेल’ हे नाव आलं अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांच्यावरून. त्यांचा प्रसिद्ध पेपर १९४८ चा. आपण नाव उचललं, पद्धत मात्र तिथेच ठेवली. केगेल बायकांना नुसतं ‘आवळा आणि सोडा’ सांगून घरी पाठवत नव्हते. योनीतला दाब मोजणारं पेरिनिओमीटर त्यांनी वापरलं, म्हणजे आपण बरोबर करतोय का, हे त्या बाईला स्वतःला काट्यावर दिसायचं. आणि व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला होता. जिममध्ये वजन वाढवतात, तीच कल्पना.

आता १९९१ चा बम्प आणि सहकाऱ्यांचा छोटासा अभ्यास बघा. ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना दिल्या आणि लगेच मोजमाप केलं. योग्य प्रकारे आकुंचन जमलं २३ जणींना, म्हणजे ४९ टक्के. आणि १२ जणी, म्हणजे चौथा हिस्सा, असं काही करत होत्या की त्याने गळती वाढू शकेल. आवळण्याऐवजी त्या खाली जोर देत होत्या.

नमुना लहान आहे, आणि मोजमाप एकदाच, सूचना दिल्यादिल्या झालं आहे. त्यामुळे ‘अर्ध्या बायकांना केगेल जमत नाही’ असं सरसकट वाक्य यातून काढू नका. पण तुमच्या सिनॉप्सिससाठी एक प्रश्न यातून नक्की निघतो: तुमच्या तीस जणींपैकी कोण खरंच आवळतंय आणि कोण जोर देतंय, हे तुम्हाला कसं कळणार? तपासणी नसेल तर तुम्ही ‘व्यायामाचा परिणाम’ मोजत नाही, ‘व्यायाम करा असं सांगण्याचा परिणाम’ मोजता. तोही मोजण्यासारखा आहे, पण मग शीर्षकात तसं लिहा.

‘पेल्विक फ्लोअर थेरपी’ या एका नावाखाली निदान पाच गोष्टी चालतात. ताकद वाढवणारा व्यायाम. आवळलेले स्नायू सैल करणं, त्यात हाताने केलेले उपचार आले. बायोफीडबॅक. विद्युत उत्तेजन. आणि लघवी-शौचाच्या सवयी बदलणं. यांतली पहिली आणि दुसरी तर एकमेकींच्या उलट दिशेच्या. ‘थेरपीचा उपयोग होतो का?’ हे विचारणं म्हणजे ‘गोळीचा उपयोग होतो का?’ विचारण्यासारखं आहे. कुठली गोळी? कोणाला?

नॉर्वेचा १९९९ चा पेपर: खूप चांगला, तरी सावकाश वाचा

या क्षेत्रात सगळ्यात जास्त उद्धृत होणाऱ्या पेपरांपैकी एक म्हणजे कारी बो आणि सहकाऱ्यांचा, १९९९ मध्ये बीएमजेत आलेला. दाबाने लघवी गळणाऱ्या १०७ स्त्रिया. निदान नुसतं विचारून केलेलं नाही, युरोडायनॅमिक तपासणीने पक्कं केलेलं. चार गट: व्यायाम (२५), विद्युत उत्तेजन (२५), योनीत धरायचे वजनी कोन (२७) आणि उपचार नसलेला कंट्रोल गट (३०). कालावधी सहा महिने.

शेवटी ‘आता मला हा त्रास वाटत नाही’ असं कोणी म्हटलं? व्यायामाच्या गटात १४, विद्युत गटात ३, कोनच्या गटात २, कंट्रोलमध्ये १. हालचाल करायला लावून गळती वजनाने मोजली, तीही व्यायाम गटात सरासरी ३०.२ ग्रॅमने कमी झाली. विद्युत गटात ७.४ आणि कोन गटात १४.७ ग्रॅम.

आकडे बघून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, आणि वाजवाव्यातच. रँडमायझेशन आहे, मोजणाऱ्याला गट माहीत नाही, आणि बाईचं म्हणणं व पॅडचं वजन अशी दोन्ही मोजमापं एकाच दिशेने बोलतात. मला हा पेपर आवडतो तो या तिसऱ्या गोष्टीमुळे.

पण तीन ठिकाणी थांबा.

एक. ज्या बाईला आपण व्यायाम करतोय हे माहीत आहे, तिला ब्लाइंड करता येत नाही. ‘आता त्रास वाटत नाही’ या उत्तरात सहा महिन्यांची मेहनत, दर आठवड्याचा गट आणि फिजिओथेरपिस्टशी जुळलेलं नातं हे सगळं मिसळलेलं आहे. कंट्रोल गटाला गळती रोखायचं एक साधन देऊ केलं होतं, पण आठवड्याचा तो सहवास नव्हता. म्हणून पॅडच्या वजनाला इथे जास्त किंमत द्या.

दोन. २५ पैकी १४ म्हणजे ५६ टक्के. पण २५ जणींवरचे ५६ टक्के किती डळमळीत असतात, ते स्वतः काढून बघा. विल्सनच्या सूत्राने ९५ टक्के विश्वास-अंतर साधारण ३७ ते ७३ टक्के येतं. खालच्या टोकालाही कंट्रोलशी फरक स्पष्ट उरतो, त्यामुळे निष्कर्ष पडत नाही. पण उद्या पेशंटला ‘निम्म्याहून जास्त जणी बऱ्या होतात’ असं छातीठोकपणे सांगायला एवढा आधार पुरत नाही.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. डोस बघा. रोज तीन वेळा ८ ते १२ जोरदार आकुंचनं, शिवाय आठवड्यातून एकदा कुशल फिजिओथेरपिस्टबरोबर गटात व्यायाम, आणि हे सलग सहा महिने. इंग्लंडच्या नाइस संस्थेची शिफारससुद्धा किमान तीन महिन्यांच्या, देखरेखीखालच्या प्रशिक्षणाची आहे. आपण हा पेपर ‘इंट्रोडक्शन’मध्ये उद्धृत करतो आणि ‘मेथडॉलॉजी’त चार आठवडे आणि एक पत्रक लिहितो. दोन परिच्छेदांच्या मध्ये उपचारच बदलला, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. स्नायूची जाडी आणि ताकद वाढायला महिने लागतात. चार आठवड्यांत जो फरक दिसतो, तो बहुतेक स्नायू ‘सापडल्याचा’ असतो.

कॉक्रेनचा आकडा कुठून आला?

‘हो, पण एकच ट्रायल कशाला, कॉक्रेन रिव्ह्यू आहे की!’ बरोबर. डुमुलिन आणि सहकाऱ्यांची २०१८ ची आवृत्ती घ्या. १४ देशांतल्या ३१ चाचण्या, १,८१७ स्त्रिया. दाबाने लघवी गळणाऱ्यांमध्ये व्यायाम गटातल्या ५६ टक्के जणींनी पूर्ण बरं वाटल्याचं सांगितलं, कंट्रोलमध्ये ६ टक्के. म्हणजे साधारण आठपट.

आता सारांशाच्या पुढे जा. हा आठपटीचा आकडा ३१ चाचण्यांवरून आलेला नाही. तो ४ चाचण्यांतल्या १६५ जणींवरून आलेला आहे, आणि त्याचं विश्वास-अंतर ३.६८ ते १९.०७ एवढं रुंद आहे. कोणत्याही प्रकारे लघवी गळणाऱ्यांसाठी आकडा ३५ विरुद्ध ६ टक्के, तो ३ चाचण्या आणि २९० जणींवरून. बाकीच्या चाचण्यांनी ‘बरं होणं’ या पद्धतीने मोजलंच नव्हतं, किंवा वेगळी प्रश्नावली वापरली होती.

यात रिव्ह्यूची लबाडी काही नाही, त्यात सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. लबाडी आपण करतो, ‘३१ चाचण्यांनुसार आठपट’ असं एका वाक्यात लिहून. व्हायवाला कोणी जाणकार परीक्षक आले तर पहिला प्रश्न यावरच पडेल.

आणि तरीही माझं मत विचाराल तर, दाबाने लघवी गळणाऱ्या स्त्रीला शस्त्रक्रियेआधी देखरेखीखालचा व्यायाम द्यावा, याला या क्षेत्रातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. टीका करायची म्हणजे सगळं पाडून टाकायचं असा गैरसमज करून घेऊ नका. परिणाम इतका मोठा आहे की रुंद अंतराचं खालचं टोकसुद्धा साडेतीनपटीच्या वर आहे.

पुरुषांच्या दोन चाचण्या आणि एक कोडं

प्रोस्टेट काढल्यावर पुरुषांना लघवी गळण्याचा त्रास होतो. बेल्जियमच्या वान काम्पेन आणि सहकाऱ्यांनी २००० साली लॅन्सेटमध्ये १०२ पुरुषांची चाचणी छापली. तीन महिन्यांनी कोरडे झालेले: व्यायाम गटात ८८ टक्के, कंट्रोलमध्ये ५६ टक्के. एका वर्षाने फरक १४ टक्क्यांवर आला.

२०११ मध्ये त्याच लॅन्सेटमध्ये ब्रिटनची ‘मॅप्स’ चाचणी आली. प्रोस्टेट पूर्ण काढलेले ४११ पुरुष. बारा महिन्यांनी अजूनही गळती असलेले: थेरपी गटात ७६ टक्के, कंट्रोलमध्ये ७७. फरक जवळपास शून्य. मूत्रमार्गातून प्रोस्टेट खरवडून काढलेल्या ४४२ पुरुषांतही तेच, ६५ आणि ६२ टक्के.

मग खरं कोण? इथे घाईघाईने ‘मोठी चाचणी जिंकली’ म्हणू नका. पेन घ्या आणि चार रकाने आखा.

पहिला रकाना: कोरडं म्हणजे काय? बेल्जियममध्ये पॅडचं वजन करून ठरवलं, ब्रिटनमध्ये प्रश्नावलीतून. एकीकडे बहुतेक सगळे वर्षभरात कोरडे, दुसरीकडे पाऊणजण अजून ओले. शरीरं एवढी वेगळी नसतात, व्याख्या वेगळ्या असतात. कधीतरी एखादा थेंब गेला तरी ‘हो’ म्हणायचं असेल, तर आकडा फुगणारच.

दुसरा: कोणाची निवड झाली? बेल्जियममध्ये नळी काढल्या काढल्या. मॅप्समध्ये शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनीही गळती असणारे. जे आपोआप लवकर बरे होतात, ते मॅप्समध्ये आलेच नाहीत.

तिसरा: कधी मोजलं? ३ महिने आणि १२ महिने. काळ जातो तसे काही जण थेरपीशिवायही सुधारतात. म्हणजे थेरपीचा फायदा ‘लवकर बरं होणं’ हा असू शकतो, ‘जास्त जण बरे होणं’ हा नव्हे. चार महिने आधी डायपर सुटणं ही कामावर जाणाऱ्या माणसासाठी लहान गोष्ट नाही.

चौथा: कंट्रोलने काय केलं? मॅप्समधल्या कंट्रोल गटाला नेहमीची सेवा मिळत होती, आणि त्यातले बरेच पुरुष स्वतःहून व्यायाम करतच होते. म्हणजे मॅप्सने विचारलेला प्रश्न ‘व्यायामाचा उपयोग होतो का’ हा नव्हता. ‘जिथे व्यायामाची माहिती सहज मिळते, तिथे चार वेळा प्रत्यक्ष भेटून शिकवल्याने अजून काही भर पडते का’ हा होता. उत्तर: पडली नाही. आरोग्यखात्याचा पैसा कुठे घालायचा, यासाठी ते मोलाचं उत्तर आहे. पण ज्या गावात पुरुषाला हे स्नायू आपल्याला आहेत हेच माहीत नाही, तिथे ते तसंच्या तसं लागू करता येणार नाही.

कंट्रोल गट हा तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग असतो. पेपर वाचताना उपचाराचा परिच्छेद एकदा वाचत असाल, तर कंट्रोलचा दोनदा वाचा.

मशीन लागतं का?

आता बायोफीडबॅक. स्नायूची हालचाल पडद्यावर दाखवणारं यंत्र. जाहिरातीत ते पुढे असतं, बिलातही.

‘ओपल’ ही चाचणी २०२० मध्ये बीएमजेत आली. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या २३ केंद्रांत ६०० स्त्रिया. दोन्ही गटांना फिजिओथेरपिस्टच्या सहा भेटी देऊ केल्या, एका गटाला त्यात बायोफीडबॅकची जोड. दोन वर्षांनी २१ पैकी गळतीचा सरासरी गुणांक ८.२ आणि ८.५. फरक नगण्य.

यावरून दोन चुकीची वाक्यं लिहिली जातात. पहिलं, ‘व्यायामाचा उपयोग नाही’. ओपलमध्ये उपचाराविनाचा गटच नव्हता, तर हे कळणार कुठून? दुसरं, ‘बायोफीडबॅक निरुपयोगी आहे’. कुठे निरुपयोगी, ते सांगा.

कारण याच यंत्राची दुसरी बाजू बघा. काही जणांना बद्धकोष्ठ असतं ते आतडं मंद म्हणून नव्हे, तर शौचाच्या वेळी तळाचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळले जातात म्हणून. इटलीच्या किआरिओनी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा १०९ रुग्णांत बायोफीडबॅकची तुलना रेचकाशी केली. सहा महिन्यांनी मोठी सुधारणा ८० टक्के विरुद्ध २२ टक्के.

यंत्राचं नाव तेच, आणि एकीकडे शून्य भर तर दुसरीकडे एवढा मोठा फरक. माझ्या मते कारण असं: आवळणं हे फिजिओथेरपिस्टच्या बोटाला आणि सूचनेला समजतं, तिथे पडदा नवीन काही सांगत नाही. पण जोर देताना सैल सोडणं ही गोष्ट माणसाला स्वतःला जाणवतच नाही, तिथे पडदा उपयोगी पडतो. शिवाय तुलना कोणाशी होती, तेही वेगळं. ओपलमध्ये चांगल्या थेरपीशी, इथे औषधाशी. हे माझं स्पष्टीकरण आहे, सिद्ध झालेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला पीएचडीचा प्रश्न हवा असेल तर घ्या.

आवळलेल्या मुठीचं काय?

माझ्या त्या ओपीडीतल्या बाईंकडे परत येते. २०१२ मध्ये फिट्झजेराल्ड आणि सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या जुनाट वेदना आणि तळाचे स्नायू दुखरे असलेल्या ८१ स्त्रियांची चाचणी छापली. एका गटाला त्या स्नायूंवर हाताने सैल करणारे उपचार, दुसऱ्याला सर्वांगाचा मसाज. सुधारणा सांगणाऱ्या: ५९ टक्के आणि २६ टक्के.

कंट्रोल किती विचारपूर्वक निवडला आहे बघा. स्पर्श, वेळ, थेरपिस्टचं लक्ष दोन्हीकडे आहे. तरीही फरक उरला. १९९९ च्या पेपरवर आपण जो पहिला आक्षेप घेतला, त्याला या रचनेत बरंचसं उत्तर आहे. आणि मसाज गटातल्या चौथ्या हिश्शाने सुधारणा सांगितली, हे ‘नुसतं कोणी लक्ष दिलं’ याचं वजन किती असतं तेही दाखवतं. तुमच्या कंट्रोलशिवायच्या, आधी-नंतरच्या अभ्यासात हे वजन सगळं ‘व्यायामाच्या’ खात्यावर जमा होतं.

इथे केगेल नाहीत, हे लक्षात घ्या. म्हणूनच रील बघून ‘सगळ्यांनी करा’ म्हणणं चुकीचं आहे. मूलबंध किंवा अश्विनी मुद्रेलाही हेच लागू. त्यात आकुंचन आहे हे खरं, पण म्हणून नॉर्वेच्या चाचणीचे आकडे त्यांच्या नावावर लिहिता येत नाहीत.

अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवरही चाचणी आहे. २०१४ ची ‘पॉपी’, ४४७ स्त्रिया. एका वर्षाने लक्षणांच्या गुणांकात व्यायाम गट १.५२ ने सरस. पण तो गुणांक २८ पैकी आहे. पी व्हॅल्यू छान असली तरी ‘दीड गुणाने बाईच्या दिवसात काय बदललं?’ हे विचारायला विसरू नका. आणि गरोदरपणात? ज्यांना अजून गळती नाही त्यांनी तेव्हाच सुरू केलेल्या व्यायामाने पुढचा धोका कमी होतो, असं कॉक्रेनचा २०२० चा रिव्ह्यू सांगतो. बाळंतपणानंतर गळती राहिलेल्यांवर उपचार म्हणून मात्र पुरावा तेवढा पक्का नाही. आपल्याकडे सगळं लक्ष बाळंतपणानंतरच्या चाळीस दिवसांवर, आणि पुरावा बोट दाखवतो त्याच्या आधीच्या महिन्यांकडे.

तुमचा नमुना कुठे बसलाय?

या बहुतेक चाचण्या युरोप-अमेरिकेतल्या, आणि दवाखान्यात आलेल्या माणसांवरच्या. आपल्याकडे दवाखान्यात येतं कोण? डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रिया, घरोघर जाऊन बोलावून तपासलेल्या. ९२ टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास पेल्विक फ्लोअरवर नव्हता. पण ओपीडीतला नमुना म्हणजे समाज नव्हे, हे याहून ठळकपणे दाखवणारं उदाहरण मराठी विद्यार्थ्याला दुसरीकडे शोधायची गरज नाही.

त्यात भाषा. ‘स्ट्रेस इनकॉन्टिनन्स’चं भाषांतर एका प्रश्नावलीत मी ‘ताणामुळे लघवी गळते का?’ असं पाहिलंय. बाई म्हणणार, ‘ताण तर आहेच हो, मुलीचं लग्न व्हायचंय.’ ‘अंगावरून जातं’ म्हणजे पांढरं जाणं, लघवी नव्हे. आणि ‘गळते का?’ विचारलं तर ‘नाही’, पण ‘शिंकल्यावर साडी बदलावी लागते का?’ विचारलं तर ‘हो, ते वयानं होतंच की.’ प्रश्नावली बिघडली तर पुढचं सगळं स्टॅटिस्टिक्स नीटनेटका कचरा आहे.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

त्या तिघांना मी पाच प्रश्न पाठवले, तेच तुम्हालाही.

तळाचे स्नायू ढिले आहेत की आवळलेले, हे कोण आणि कसं तपासणार? नेमका डोस काय, आणि तो पाळला गेला हे कसं कळणार? कंट्रोल गटाला काय मिळणार? ‘बरं होणं’ म्हणजे काय, हे आकडे हातात येण्याआधी लिहून ठेवलंय का? आणि तीन महिने मिळत नसतील, तर या प्रश्नाऐवजी छोटा पण पुरा होणारा प्रश्न का घेऊ नये? उदाहरणार्थ: ‘मराठीतून तोंडी सूचना दिल्यावर किती जणींना योग्य आकुंचन जमतं?’ बम्पने १९९१ मध्ये ४७ जणींवर केलं, तुम्ही तपासणीसह, चांगल्या नमुन्यावर करा. एमपीटीच्या मुदतीत बसतं, आणि उद्या कोणाच्या तरी कामाला येतं.

आणि घरात-शेजारात कोणी विचारलं तर? खोकला-शिंकेबरोबर लघवी जाते, अंग खाली आल्यासारखं वाटतं, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर गळते, शौचाला जोर करूनही होत नाही, खाली सतत दुखतं, यांतल्या प्रत्येकाला ही थेरपी उपयोगी पडू शकते. पण प्रत्येकाला वेगळी, आणि आधी तपासणी करून. लघवीतून रक्त जात असेल तर आधी डॉक्टर. पाठदुखीबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला आणि लघवी-शौचावरचा ताबा अचानक गेला, तर त्याच तासाला इमर्जन्सी. तिथे व्यायामाचं नावही काढू नका.

तिघांपैकी एकीने परवा सिनॉप्सिस बदलून पाठवला. तीस जणी तशाच आहेत, पण शीर्षकातून ‘परिणाम’ हा शब्द गेला आहे आणि मेथडॉलॉजीत ‘प्रत्यक्ष तपासणी’ आली आहे. गाईडनी विचारलं म्हणे, ‘एवढंच करणार?’ तिने हो म्हणून सांगितलं. तुम्हालाही हा प्रश्न विचारला जाईल. तेव्हा वरचे आकडे वहीत लिहून ठेवा, उत्तर द्यायला लागतील.